भूकंप आणि आपले धाबे

भूकंप हा जपानचा, फार तर आसामचा आणि हिमालयाचा विषय. खानदेशाला त्याचे काय, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळांची आहे. आपला काळा पाषाण भक्कम, आपली जमीन स्थिर, दुष्काळ आणि तापीचा पूर एवढीच आपली संकटे, असे आपण धरून चालतो. लातूर जिल्ह्यातही लोकांची समजूत हीच होती आणि ती निव्वळ अडाण्यांची समजूत नव्हती. देशाच्या भूकंपविषयक नकाशात त्या वेळी किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती समजूत मोडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपेत होती. औसा तालुक्यातील किल्लारी, मंगरूळ, तळणी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी ही गावे एका मिनिटाच्या आत दगडमातीचे ढीग झाली. सुमारे आठ हजार माणसे मेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबाने हा मध्यम भूकंप. एवढ्या मापाचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी शंभराहून अधिक होतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या कानांवरसुद्धा येत नाहीत. मग किल्लारीत एवढी माणसे का गेली? या लेखाचा खरा विषय तो प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर आपल्या सोनगीरच्या गल्लीगल्लीत उभे आहे.

आधी भूकंप म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे आणि तो फणा बदलतो तेव्हा धरणी हलते, असे सांगत. जपानात जमिनीखाली एक प्रचंड मासा आहे आणि तो शेपटी हलवतो, असे सांगत. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला छान आहेत. प्रत्यक्षात पृथ्वीचे कवच अखंड नसून त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते फार मंद गतीने सरकत असतात. आपला भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि तिबेटच्या बाजूला रेटा देतो. नख जेवढे वाढते तेवढाच हा वेग. पण रेटा देणारी वस्तू एक सबंध देश आहे. या रेट्याने हिमालय उभा राहिला. तोच ताण मागे दख्खनच्या खडकातही साठत राहतो. खडकात जुन्या भेगा असतात. ताण सोसवेनासा झाला की अशा एखाद्या भेगेच्या दोन बाजू एकाएकी एकमेकींवरून सरकतात आणि त्या धक्क्याच्या लाटा चहूकडे धावतात. तोच भूकंप.

लाटा कशा धावतात हे सोनगीरच्या माणसाला वेगळे शिकवायला नको. तांबटाच्या दुकानात हंड्याच्या एका काठावर हातोडी पडली, की दुसरा काठ धरलेल्या हाताला झिणझिण्या येतात. धातू जागचा हललेला नसतो, लाट त्यातून निघून गेलेली असते. भूकंपातही आधी एक वेगवान लाट येते, ती खडखडाट करते. तिच्या मागून आडवी हेलकावणारी संथ लाट येते, आणि घर पाडते ती ही दुसरी. भांड्याची आणखी एक खूण येथे उपयोगी पडते. चिरलेले भांडे वाजत नाही, ते थाड् करून गप्प होते. अखंड भांडे मात्र कितीतरी वेळ घुमत राहते. दख्खनचा जुना, कठीण खडक हे अखंड भांडे आहे. म्हणून आपल्याकडचा भूकंप होतो कमी वेळा, पण झाला की फार लांबपर्यंत जाणवतो.

तीव्रतेचा आकडाही नीट समजून घेतला पाहिजे, कारण वर्तमानपत्रे त्यात घोटाळा करतात. ६ आणि ७ यांत एकाचाच फरक दिसतो, पण एका अंकाने बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. शिवाय हा आकडा भूकंपाचा असतो, तुमच्या गावाचा नसतो. दिवा शंभर वॅटचा असला तरी जवळच्याला उजेड जास्त आणि लांबच्याला कमी, तसेच हे आहे. उगम किती खोल आहे आणि घराखाली खडक आहे की गाळ, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

आता धम्माच्या अंगाने थोडे. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या चापाल चैत्यापाशी धरणीकंप होतो आणि आनंद भगवंतांना त्याचे कारण विचारतो. भगवंत आठ कारणे सांगतात. त्यांतली सात ऋद्धिमान श्रमणाशी आणि बोधिसत्त्वाच्या व तथागताच्या जीवनप्रसंगांशी निगडित आहेत. श्रद्धेने ती ज्याने त्याने घ्यावीत. पण पहिले कारण कोणते सांगितले आहे? पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात स्थित आहे. मोठा वायू सुटला की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. आजच्या भूगर्भशास्त्राला हे वर्णन मान्य होणार नाही आणि ते मान्य करवून घेण्याचा खटाटोपही आपण करू नये. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की अडीच हजार वर्षांपूर्वी धरणीकंपाचे पहिले कारण म्हणून कोणाचा कोप सांगितला गेला नाही, कोणाचे पाप सांगितले गेले नाही. एक हलते म्हणून दुसरे हलते, असे सांगितले गेले. कार्यकारणाची ही शिस्त आपल्याला बाबासाहेबांनी पुन्हा दिली.

तिची गरज किती आहे ते १९३४ साली दिसले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळात फार मोठा भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे महात्मा गांधींनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला तितकाच जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला असा नैतिक अर्थ लावणे लोकांच्या अविवेकाला बळ देणारे आहे, असा त्यांचा रोख होता. हेतू अस्पृश्यतेविरुद्ध होता हे खरे. परंतु अस्पृश्यता वाईट ठरायला भूकंपाची साक्ष कशाला हवी? आणि त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यही मेले होतेच, त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली? एकदा शिक्षेची भाषा मान्य केली, की उद्या दुसरा कोणी उठून हे धर्मांतराचे पाप आहे असेही म्हणू शकतो. शिवाय या भाषेचा व्यवहारातला तोटा सर्वांत मोठा आहे. शिक्षा म्हटली की माणूस प्रायश्चित्ताकडे वळतो, भिंतीकडे पाहत नाही.

भिंतीकडे पाहण्यासाठी जपानइतका चांगला गुरू नाही. हा बेटांचा देश कवचाच्या चार तुकड्यांच्या सांध्यावर बसला आहे. जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी जवळपास पाचवा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. नारा येथील तोदाईजी विहारातली बुद्धांची महामूर्ती ७५२ साली प्रतिष्ठित झाली आणि ८५५ मध्ये भूकंपाने तिचे मस्तक खाली पडले. ते पुन्हा बसवले गेले. जवळच्याच होर्यूजीचा पाच मजली लाकडी स्तूप मात्र तेराशे वर्षे उभा आहे. त्याचे लाकडी सांधे लवतात, धक्का अंगावर घेऊन जिरवतात. कामाकुराची काशाची महामूर्ती सुमारे १२१ टनांची आहे. १९६० च्या सुमारास तेथल्या लोकांनी तिची मान आतून मजबूत केली आणि मूर्ती व चौथरा यांच्यामध्ये गुळगुळीत पत्रा घातला. चौथरा हलला तरी मूर्ती त्यावर थोडी सरकावी, उलटू नये, अशी ती योजना आहे. श्रद्धेच्या वस्तूलाही हिशेब लावायला ते लोक लाजले नाहीत.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळाले नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत तोक्यो आणि योकोहामा जळाले, एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्या वेळची एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरियन मजुरांनी विहिरींत विष टाकले अशी अफवा उठली आणि जमावांनी हजारो निरपराध कोरियनांना ठार मारले. भूकंपाने जमीन हलते तशी माणसांची मनेही हलतात, आणि विहीर बाटवल्याचा आरोप कोणावर येतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुसऱ्याच वर्षी, १९२४ साली, जपानने इमारतींच्या कायद्यात भूकंपाची तरतूद घातली. १९८१ मध्ये नियम आणखी कडक केले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहराला धक्का बसला आणि ६,४०० हून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक जुन्या लाकडी घरांत, वरच्या जड कौलांच्या छपराखाली चिरडली गेली. १९८१ नंतरच्या नियमांनी बांधलेली घरे पुष्कळ अंशी टिकली. एकाच शहरात, एकाच धक्क्यात दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी तपासली गेली म्हणायची.

पुढे ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीच्या तुलनेत त्यात सुमारे सोळा हजार पट ऊर्जा बाहेर पडली. सुमारे साडेअठरा हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. पण मेलेल्यांपैकी शंभरातील नव्वद समुद्राच्या त्सुनामी लाटेत बुडाली. घर पडून मेलेली थोडी. त्सुनामीपुढे जपानचेही काही चालले नाही, हे सांगितलेच पाहिजे. आपण मात्र समुद्रापासून लांब आहोत. आपल्याला मारील ते आपले घरच.

किल्लारीचे घर कसे होते? तेथल्या बोलीत त्याला माळवद म्हणतात. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती; पण ही रुंदी फसवी. बाहेरून एक दगडांचे तोंड, आतून दुसरे, मध्ये गोटे आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड घातलेला नाही. चुना नाही, सिमेंट नाही, सगळा चिखलाचा दर्जा. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर एक-दोन फूट मातीचा थर. गळू लागले की आणखी माती टाकायची. बापाने टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. जमीन आडवी हलली तेव्हा भिंतीची दोन तोंडे सुटी झाली, बाहेर फुगली आणि फाटली. मग वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. पुष्कळ माणसे मार लागून नव्हे, तर मातीत घुसमटून मेली.

तेथेच आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या घरांत माळवदाचे ओझे भिंतींवर नव्हते, आतल्या सागवानी खांबांवर होते, तेथे भिंती बाहेर पडल्या तरी खणांचा सांगाडा वरचे छत पेलून उभा राहिला आणि माणसे वाचली. दुसरी गोष्ट गावकुसाबाहेरची. कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेली गरिबांची खोपटी वाकली, कलली, पण माणसाचा जीव घेण्याइतके ओझे त्यांत नव्हतेच. पाटलांचा चिरेबंदी वाडा ही प्रतिष्ठेची गोष्ट आणि खोपटे ही लाजेची, असा शतकांचा हिशेब त्या पहाटे उलटा झाला. याचा आनंद मानण्याचे कारण नाही. पण पैसा हातात आल्यावर आपणही वाड्याचीच नक्कल करू पाहतो, म्हणून ते सांगितले.

आता खानदेशाकडे येऊ. तापीचे खोरे हे नुसते नदीचे खोरे नाही. सातपुड्याच्या पायथ्याने पूर्व-पश्चिम जुन्या भेगांची रांग गेली आहे आणि तिच्याच पलीकडे नर्मदेची मोठी भेग आहे. चोपडा तालुक्यातील उनपदेव आणि शहादा तालुक्यातील उनपदेव येथले गरम पाण्याचे झरे आपण यात्रेला जाऊन पाहतो. ते या रांगेवरचेच, खोलवरच्या भेगांतून वर आलेले पाणी. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ च्या आसपासचा, म्हणजे किल्लारीएवढाच भूकंप झाला होता. त्याचा मध्यबिंदू सोनगीरच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर येतो. तो जमिनीखाली फार खोल, चाळीसेक किलोमीटरवर झाला, म्हणून त्याची झळ वर कमी पोचली. किल्लारीचा उगम दहा किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या फरकाने इतिहास बदलतो. याच नर्मदा-तापी पट्ट्यात १९७० साली भडोच आणि १९९७ साली जबलपूर हादरले आणि दोन्हीकडे माणसे मेली. २००२ च्या सुधारित नकाशात सर्वांत कमी धोक्याचा जुना पहिला पट्टाच काढून टाकला गेला. धुळे, नंदुरबार आणि जळगावचा तापीकाठ मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात दाखवला गेला. तापीच्या उत्तरेला गाळाचा थर शेकडो फूट जाड आहे. गाळावर धक्का वाढतो, दह्याचे गाडगे हलवले तर दही अधिक हलते तसा.

उद्या भूकंप होणार असे मी म्हणत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, कारण दिवस आणि वेळ सांगणारे शास्त्र जगात अजून नाही. किल्लारीला १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत लहान हादरे बसत होते. पण मोठा येईल की हे असेच विरून जाईल हे कोणी ठरवू शकले नाही. पालघरकडे २०१८ पासून असे असंख्य हादरे बसले आणि त्यांतून मोठे संकट आले नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मात्र आले आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. वेळ हातात नाही, घर हातात आहे.

किल्लारीनंतर महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. बावन्न गावे नव्या जागी हलवली. जेथे घरे दुरुस्त होण्यासारखी होती, तेथे ती जागच्या जागी मजबूत करण्याची योजना आखली. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून तयार केले. कोपऱ्याला काय करायचे, पट्टा कोठे घालायचा, गवंड्याकडून काय करून घ्यायचे, हे या बायांनी शेकडो गावांत घरोघर जाऊन सांगितले. सही करता न येणारी बाई इंजिनिअरला प्रश्न विचारू लागली, ही त्या भूकंपातून निघालेली फार मोलाची गोष्ट आहे.

दुसरी बाजूही आहे. हलवलेल्या गावांत घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरांवर असेल त्याला ७५० चौरस फूट. घरातली माणसे किती हे पाहिले गेले नाही, सातबारा पाहिला गेला. सातबारा कोणाचा कोरा होता हे वेगळे सांगायला नको. तरीही, ज्यांना पिढ्यान्पिढ्या खोपट्यापलीकडे काही मिळाले नव्हते अशा कुटुंबांना पक्के घर मिळाले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्यात, एक सांगून दुसरी लपवू नये.

आपल्या सोनगीरला, खालच्या वस्तीपासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, जुनी घरे धाब्याची आहेत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो तेव्हा धाब्याखालचा गारवा स्लॅबच्या घरात मिळत नाही. आमचे पूर्वज मूर्ख नव्हते. पण हिशेब करा. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर ती १२० घनफूट माती झाली. बसलेली कोरडी माती घनफुटाला ४५ किलो धरली तरी ५४ क्विंटल वजन होते. भिजली की त्याहून जास्त. ५४ क्विंटल कापूस आपण ट्रॅक्टरच्या किती फेऱ्यांत नेतो ते आठवा. तेवढे वजन आपण डोक्यावर घेऊन झोपतो. त्याच खोलीवर पत्रा घातला तर वजन एक क्विंटलही भरत नाही. एस.टी. एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो, आणि डोक्यावर पोते असेल तर अधिक जोरात पडतो. घराचेही तसेच आहे.

म्हणून ज्यांचे धाबे आहे त्यांनी आधी एवढे पाहावे, की वरच्या तुळया कशावर टेकल्या आहेत. लाकडी खांबांवर टेकल्या असतील तर खांबांचे बूड वाळवीने खाल्लेले नाही ना, ते भिंत थोडी उकरून तपासावे. खांब आणि तुळई यांचा सांधा लोखंडी पट्टीने आणि बोल्टने जखडावा. तुळया नुसत्या भिंतीवर टेकल्या असतील तर आतून खांब देता येतात. दोन-तीन खांबांचा खर्च एका लग्नाच्या मांडवाहून कमी आहे. भिंतीचे पोट सुटले असेल तर त्या भिंतीशेजारी कोणाला झोपवू नये. आणि सोनगीरकरांसाठी खास सांगायचे, तर मांडणीवरचे पितळी हंडे, घागरी, परातींची उतरंड खाली उतरवावी. आपल्या घरातली भांडी आपल्या अभिमानाची आहेत, पण पाळण्याच्या वर ती नकोत.

ज्यांना रमाई आवास योजनेत किंवा दुसऱ्या योजनेत घरकुल मिळाले आहे, त्यांची काळजी निराळी आहे. सिमेंटचे घर म्हणजे भूकंपाला तोंड देणारे घर, असे नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला तेव्हा भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या कॉलमवर उभा होता. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये मंडाले येथे भिक्खूंची धम्मपरीक्षा चालू असलेली विहाराची इमारत कोसळली. त्या भूकंपात साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हा घरकुल बांधताना आणि उद्या विहाराला वरचा मजला चढवतानाही गवंड्याशी बोलावे. विटांची भिंत असेल तर जोत्यावर, दार-खिडक्यांच्या डोक्यावर आणि स्लॅबखाली असा सळईचा पट्टा सगळ्या भिंतींतून अखंड फिरवून घ्यावा. फक्त दारापुरता लिंटेल टाकून भागत नाही. पेटीला दोरी चारी बाजूंनी बांधावी तसा तो पट्टा असतो. कोपऱ्यांत उभी सळई पायापासून स्लॅबपर्यंत न्यावी. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवावी. कॉलम असेल तर त्याच्या रिंगा जवळ जवळ, आणि वर-खाली सांध्यापाशी आणखी जवळ घालाव्यात. रिंगेचे टोक आत, कॉलमच्या गाभ्याकडे वळवलेले असावे. काटकोनात वळवलेली रिंग धक्क्याला उघडते. काँक्रीटमध्ये पाणी जास्त ओतून ते पातळ करू देऊ नये, आणि नंतर दहा-पंधरा दिवस पाणी मारायला चुकू नये. गवंडी कुरकुर करील, "आजपर्यंत असंच बांधत आलो" म्हणेल. पैसे आपले आहेत आणि खाली झोपणार आपली पोरे आहेत.

प्रत्यक्ष धक्का बसला तर काय करावे याबद्दल जपानचा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. तेथे घर टिकते, म्हणून मुलांना बाकाखाली शिरायला शिकवतात. आपल्याकडे शाळेच्या किंवा घराच्या चांगल्या बांधलेल्या स्लॅबखाली असाल तर तसेच करावे, जिन्याकडे धावू नये. धाब्याच्या घरात मात्र दार दोन-चार पावलांवर असेल तर तडक बाहेर पडावे आणि भिंतीच्या उंचीहून लांब, मोकळ्यावर जावे. अरुंद बोळात थांबू नये. दार लांब असेल तर लोखंडी पलंगाखाली शिरावे. पहिल्या धक्क्यानंतर कित्येक दिवस लहान धक्के येत राहतात, तडकलेली भिंत त्यांत पडते. तेव्हा राहिलेली वस्तू आणायला आत जाऊ नये.

दरवर्षी वैशाखात, पाऊस पडण्याआधी, आपल्याकडे धाब्यावर पांढरी माती टाकण्याची चाल आहे. यंदा नवी टोपली वर चढवण्यापूर्वी जुना थर खरवडून खाली घ्यावा. लाकडापर्यंत एकदम उघडे करू नये, एका बाजूने थोडे थोडे काढत जावे. मध्ये कोठे छत दबलेले दिसले तर खालून टेकू देऊनच वर चढावे. थर सहा इंचांवर आला की त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून तीन इंच माती चोपावी. गळती त्यानेही थांबते आणि ५४ क्विंटलांतले तेरा-चौदा क्विंटल उतरतात. दोन माणसांचे दोन-तीन दिवसांचे काम आहे. शेजारच्या दोन घरांनी मिळून केले तर तेही कमी वेळात होते.